‘ब्रेक फेल झाला साहेब’ एवढ्यावर सुटका होत नाही : गावाकडच्या गाडीचे ब्रेक, कायदा आणि तपासणीची पद्धत

अपघाताच्या पंचनाम्यात एक वाक्य हमखास असते : “ब्रेक लागलाच नाही साहेब.” बोलणाऱ्याला वाटते, दोष यंत्राचा आहे, आपण मोकळे. कायद्याचा प्रश्न मात्र दुसराच असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १९० विचारते की हा बिघाड तुम्हाला माहीत होता का, आणि माहीत नसला तर साधारण काळजी घेतली असती तर तो तुमच्या लक्षात आला असता का. दोन्हींपैकी एकाचे उत्तर ‘हो’ आले की ‘ब्रेक लागला नाही’ हीच तुमच्याविरुद्धची कबुली होते.

दंडाचे आकडे असे. ज्याने धोका होईल असा बिघाड असलेली गाडी रस्त्यावर आणली, तर दीड हजार रुपयांपर्यंत दंड. त्या बिघाडामुळे अपघात होऊन कोणाला इजा झाली किंवा मालमत्तेचे नुकसान झाले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा तोच गुन्हा घडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड. अपघातात माणूस गेला तर प्रकरण भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली जाऊ शकते. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल तिथे पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

कलम १९० मध्ये आणखी एक शब्दप्रयोग आहे आणि गावात त्याकडे कोणाचे लक्ष नसते. जो चालवतो तो दोषी आहेच, पण जो ‘चालवायला लावतो किंवा चालवू देतो’ तोही दोषी आहे. आपल्याकडे ट्रॅक्टर, मोटरसायकल, छोटा हत्ती (लहान मालवाहू टेम्पो) मागून नेण्याची रीत आहे. “काकाजी, अर्ध्या घंट्यासाठी गाडी द्या बरं” म्हटल्यावर चावी दिली जाते, आणि मागचा ब्रेक ढिला आहे हे सांगायचे राहून जाते. सांगितले तरी मालक सुटतो असे नाही, कारण तेव्हा त्याला बिघाड माहीत होता हे सिद्धच होते. ब्रेक खराब असलेली गाडी द्यायची नाही, एवढाच त्यावर उपाय.

नियम नेमके काय मागतात

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९६ ब्रेकचा आहे. त्यातल्या तांत्रिक तक्त्यांशी कंपन्यांचा संबंध. मालकाने तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, मोटरसायकल, ट्रेलर, रोड रोलर असे काही अपवाद सोडले तर प्रत्येक मोटार वाहनाला दोन स्वतंत्र ब्रेक हवेत : पायाने चालणारा मुख्य ब्रेक आणि पार्किंग ब्रेक, म्हणजे आपला हँडब्रेक. स्वतंत्र याचा अर्थ एक निकामी झाला तरी दुसऱ्याने गाडी धरली पाहिजे. चाकामागे दगड लावून हँडब्रेकचे काम भागवणारी गाडी नियमात बसत नाही, मग तो दगड कितीही मोठा असो.

दुसरी, मोटरसायकललाही दोन स्वतंत्र ब्रेक लागतात. एक हाताचा आणि एक पायाचा, किंवा दोन्ही हाताचे. “समोरचा ब्रेक दाबला की गाडी पडते” म्हणून समोरची केबल काढून ठेवलेल्या गाड्या दर आठवडी बाजारात दिसतात. अशी गाडी मागच्या एकाच ब्रेकवर चालते आणि नियम मोडते.

तिसरी, हे ब्रेक सदासर्वकाळ नीट जोडलेले आणि चांगल्या कामाच्या स्थितीत असले पाहिजेत. पासिंगच्या दिवशी चांगले होते, हे उत्तर चालत नाही.

दुचाकीच्या बाबतीत आणखी एक भर पडली. १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आणि त्याखालच्या दुचाकीला एबीएस किंवा सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागणारी जोडणी. नव्या मॉडेलना ही अट १ एप्रिल २०१८ पासून आणि आधीच विक्रीत असलेल्या मॉडेलना १ एप्रिल २०१९ पासून लागू झाली. ही जोडणी नंतर काढून टाकणे किंवा एबीएसची वायर तोडणे हा वाहनात बेकायदा बदल ठरू शकतो. कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

ब्रेकसोबत मागचा लाल दिवाही येतो. नियम १०२ मध्ये स्टॉप लाइटचा उल्लेख आहे. तुमचा ब्रेक उत्तम असेल, पण मागच्याला तो दाबलेला दिसला नाही तर तो तुमच्यावर येऊन आदळणारच.

मोटरसायकल : घरच्या अंगणात होणारी तपासणी

गाडी स्टँडवर लावा. समोरचा लिव्हर हळू दाबा. केबलच्या ब्रेकमध्ये लिव्हरच्या टोकाशी साधारण एक ते दोन सेंटीमीटर मोकळी चाल असावी, त्यानंतर ब्रेक धरायला हवा. मागच्या पेडलला दोन-तीन सेंटीमीटर. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत नेमका आकडा असतो, तोच खरा धरा. लिव्हर पार हँडलच्या मुठीला टेकत असेल तर मागचे काही न बघता आधी ते काम करून घ्या.

मग चाक हाताने फिरवा. मोकळे फिरते आहे का? ब्रेक सोडल्यावरही घासत असेल तर लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) तापून काचेसारखे गुळगुळीत होतात आणि ऐन वेळी धरत नाहीत.

ड्रम ब्रेकच्या गाडीत ड्रमच्या बाहेर, ब्रेक आर्मच्या मुळाशी एक छोटा बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबा आणि तो बाण कुठपर्यंत जातो ते बघा. प्लेटवरच्या खुणेच्या पुढे गेला म्हणजे लायनर संपले. इथे गावोगावच्या दुकानांत एक खोडी चालते : नट पूर्ण आवळूनही ब्रेक धरत नसला की आर्म काढून एक दात मागे बसवतात, आणि ब्रेक पुन्हा ‘टाइट’ होतो. वरून सगळे ठीक दिसते, बाणाची खूण मात्र आता खोटी असते. झिजलेल्या लायनरवर त्यांना ड्रमवर दाबणारा आतला कॅम गरजेपेक्षा जास्त फिरतो आणि एखाद्या वेळी अडकून चाक जाम होऊ शकते. मिस्तरी असे करताना दिसला तर सरळ सांगा, “भाऊ, आर्म नको हलवू, नवीन लायनर टाक.” लायनरचा खर्च हा ब्रेकच्या सगळ्या खर्चांत सर्वांत लहान.

डिस्क ब्रेक असेल तर हँडलवरच्या छोट्या टाकीची काच बघा. तेल खालच्या रेषेच्या खाली गेले असेल तर नुसते वरून भरून मोकळे होऊ नका. तेल आपोआप उडून जात नाही. एक तर पॅड झिजले म्हणून पातळी उतरली, नाहीतर कुठून तरी गळते आहे. दोन्ही गोष्टी बघून मगच तेल भरायचे.

समोरचा ब्रेक दाबला की गाडी पडते, ही भीती चिखलात आणि मुरमावर खरी आहे. कोरड्या डांबरावर मात्र ब्रेक मारताच गाडीचे वजन पुढच्या चाकावर येते आणि थांबवण्याचे बरेचसे काम तेच चाक करते. मागचा ब्रेक एकटा दाबला की हलके झालेले मागचे चाक लवकर घसरते. दोन्ही ब्रेक एकत्र, आणि पुढचा एकदम न आवळता दाब वाढवत न्यायचा.

शेवटी रस्त्यावरची चाचणी. रिकामा, सपाट, कोरडा रस्ता, ३० चा वेग, दोन्ही ब्रेक. चांगल्या स्थितीतली मोटरसायकल सात-आठ मीटरात उभी राहते. ढांगांनी मोजा, पट्टी लागत नाही. गाडी एका बाजूला ओढली गेली, लिव्हर थरथरला किंवा अंतर बरेच जास्त लागले तर गाडी दुकानात न्या. हे मोजमाप घरगुती आहे, कायद्याची कसोटी नव्हे, पण दर महिन्याला केले की फरक आपल्यालाच कळतो.

ट्रॅक्टर आणि ट्रॉली

विदर्भात सर्वांत दुर्लक्षित ब्रेक हाच, आणि तो नीट नसला तर होणारे नुकसान सगळ्यात मोठे. म्हणून इथे थोडे थांबू.

कृषी ट्रॅक्टर कायद्यात परिवहनेतर वाहन धरला जातो, त्यामुळे त्याला ट्रकसारखे ठरावीक वर्षांनी फिटनेस प्रमाणपत्र लागत नाही. नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर नूतनीकरणाच्या वेळी तपासणी होते. म्हणजे पंधरा वर्षे त्याचा ब्रेक कोणी सरकारी माणूस बघेलच असे नाही. नियम ९६ आणि कलम १९० मात्र पहिल्या दिवसापासून लागू असतात.

आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात आणि दोन चाकांची पेडल वेगवेगळी असतात. शेतात नांगराच्या एका ओळीच्या शेवटी वळताना एकच पेडल दाबायचे, की ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. रस्त्यावर हीच सोय जिवावर बेतते. ४०च्या वेगात घाईने पाय एकाच पेडलवर पडला, तर एक चाक धरते, दुसरे धावते आणि ट्रॅक्टर गर्रकन वळून पलटी होतो. त्यासाठी दोन्ही पेडल जोडणारी खिट्टी दिलेली असते. शेताच्या धुऱ्यावरून (बांधावरून) रस्त्याला लागण्याआधी ती लावायची. खिट्टी हरवली असेल, वाकली असेल किंवा तार बांधून काम चालले असेल, तर पुढच्या कोणत्याही कामाआधी ती बसवून घ्या.

खिट्टी लावूनही दोन्ही ब्रेक सारखे धरत नसतील तर उपयोग अर्धाच. तपासण्याची पद्धत अशी. ट्रॉली सोडा. सपाट, थोडी भुरभुरीत माती असलेली मोकळी जागा बघा. पेडल जोडा. माणूस चालतो त्यापेक्षा थोडा जास्त वेग ठेवा आणि ब्रेक जोरात दाबा. उतरून दोन्ही चाकांच्या घसरणीच्या खुणा बघा. दोन्ही एकाच ठिकाणी सुरू होतात का, सारख्याच लांबीच्या आहेत का? एक खूण आधी सुरू झाली असेल तर त्या बाजूची चाल कमी आहे, दोन्हीकडची सारखी करून घ्या. पुस्तिकेत मोकळ्या चालीचा आकडा दिलेला असतो. तेलात चालणारे ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरला कंपनी सांगते तेच तेल लागते. स्वस्त तेल टाकले की ब्रेक मारताना चरचर आवाज येतो आणि पकड कमी होते.

हँडब्रेक तपासायचा तर उतारावर, रिकाम्या ट्रॉलीसह, खाली कोणी माणूस किंवा जनावर नाही हे बघून. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढा. ट्रॅक्टर हलला तर तो ब्रेक नाहीच असे समजा.

आता ट्रॉली. कायद्यात मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलरही येतो, म्हणून ट्रॉलीतला बिघाड हा ‘वाहनातला’ बिघाडच आहे. तिची स्वतंत्र नोंदणी लागते आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर ट्रॉलीच्या मागे दिसला पाहिजे. गावात बनवलेल्या कित्येक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो, किंवा असतो तो गंजून चिकटलेला. मग सोयाबीन किंवा कापूस भरून बाजार समितीच्या किंवा जिनिंगच्या वाटेने निघालेल्या त्या सगळ्या वजनाला थांबवण्याची जबाबदारी ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर येते. सपाट रस्त्यावर ते कसेबसे जमते. उतारावर ट्रॉली मागून ढकलते, ट्रॅक्टरची मागची चाके घसरतात आणि ट्रॅक्टर-ट्रॉली मधोमध दुमडते.

त्यावर उपाय असे. नवीन ट्रॉली घेताना ब्रेक बसवलेली घ्या आणि कागदावर तिचा मंजूर भार बघा. जुनी असेल तर तिचा ब्रेक खोलून चालू करून घ्या. जोडणीचा पिन कुलूपपट्टीसह लावा आणि सोबत साखळी बांधा, पिन निघाला तरी ट्रॉली मोकळी सुटत नाही. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. उतारावर मध्येच गिअर बदलायला क्लच दाबला की इंजिनची पकड सुटते आणि सगळे वजन ब्रेकवर येते. आणि भार मंजूर वजनाच्या आत ठेवा. कलम १९४ खाली जादा भाराला वीस हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार. पण तोल सांभाळणाऱ्या ब्रेकला ही रक्कम कळत नाही, त्याला फक्त वजन कळते.

मजूर, वऱ्हाडी, यात्रेकरू ट्रॉलीत बसवू नका. ट्रॉली मालासाठी आहे, आणि अचानक ब्रेक लागला की उभी माणसे सगळ्यात आधी पुढच्या फळीवर आदळतात. विम्याचाही प्रश्न येतो, कारण शेतीकामाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीची पॉलिसी या माणसांसाठी काढलेली नसते.

पावसाळ्यातली एक खास अडचण म्हणजे काळी माती. चिखल ड्रमवर आणि ब्रेकच्या दांड्यांत भरतो, वाळला की विटेसारखा होतो आणि पेडल परत वर येत नाही. चिखलातून आल्यावर दांड्या, स्प्रिंगा पाण्याने धुवा. नाला ओलांडला असेल तर ब्रेक ओले असतात, पुढच्या पन्नास-शंभर मीटरात हळू चालवत ब्रेक किंचित दाबून ते वाळवून घ्या. हे मोटरसायकललाही लागू.

छोटा हत्ती, काळीपिवळी, जीप : तेलाचे ब्रेक आणि घाट

इथे पेडलची भाषा शिकून घ्यावी. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा. ते कडक होईल. आता पाय तसाच दाबून इंजिन सुरू करा. पेडल थोडे खाली बसले तर बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग, काम करतो. बसले नाही तर बूस्टर किंवा त्याची नळी खराब आहे. नंतर इंजिन चालू असताना पेडल अर्धा मिनिट स्थिर दाबून ठेवा. हळूहळू खाली जात राहिले तर मास्टर सिलिंडर (पेडल दाबले की तेल नळ्यांत ढकलणारा भाग) आतून गळतो किंवा बाहेर तेल जाते. पेडल स्पंजासारखे लागले तर नळीत हवा आहे.

मग गाडीखाली वाकून बघा. चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओलसर डाग, रबरी नळीवर भेगा किंवा फुगवटा, धातूच्या नळीवर गंज. चाकाच्या आत धूळ साचली असेल तर कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसात जाणे वाईट. ओल्या फडक्याने पुसा.

ब्रेक ऑइल पाणी ओढते. डब्यावर ‘डॉट ३’ किंवा ‘डॉट ४’ लिहिलेले असते. डॉट ३ ताजे असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात पाणी मुरले की ही मर्यादा १४० अंशांच्या आसपास उतरते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. साध्या रस्त्यावर फरक जाणवत नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट, बुलढाण्याचा राजूर घाट किंवा खामगाव रस्त्यावरचा बोथा घाट भरलेल्या गाडीने सतत ब्रेक धरून उतरलात तर तेल तापते, जुने तेल उकळते, नळीत वाफ होते आणि पेडल एकदम पाटीला टेकते. वाफ दाबली जाते, तेल दाबले जात नाही, म्हणून ब्रेक मिळत नाही. दोन वर्षांनी एकदा संपूर्ण तेल बदलणे हा यावरचा सोपा इलाज. डब्यावर जे लिहिले आहे तेच टाका, इंजिन ऑइल किंवा दुसरे खनिज तेल चुकूनही नको, त्याने आतली रबरे फुगतात आणि सगळी यंत्रणा जाम होते.

घाट उतरताना न्यूट्रल टाकून किंवा इंजिन बंद करून डिझेल वाचवणाऱ्यांना काय म्हणावे! इंजिन बंद झाले की बूस्टरची मदत दोन-तीन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखे होते. न्यूट्रलमध्ये इंजिनची पकड गेल्याने ब्रेकवर दुप्पट काम. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक सारखा धरून ठेवण्याऐवजी थोडा जोरात दाबा, वेग उतरवा, सोडा. जळका वास आला की सुरक्षित जागा बघून थांबा, आणि तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, ओतीव लोखंड तडकते.

वेगाबद्दल एकच हिशेब. ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर धावते. रस्त्यावर रोही (नीलगाय) आडवा येताना दिसला आणि पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद लागला, तर ब्रेक लागण्याआधीच २५ मीटर गेले. चांगले ब्रेक असतील तर त्यापुढे आणखी २३-२५ मीटर, अर्धवट असतील तर ४५ च्या वर. वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर चौपट होते.

मोठ्या ट्रकचा विषय वेगळा, तिथे हवेचे ब्रेक असतात. थोडक्यात, सकाळी हवेच्या टाकीतले पाणी काढायचे, दाबाचा काटा नेमून दिलेल्या जागी येईपर्यंत आणि बझर थांबेपर्यंत गाडी हलवायची नाही, आणि इंजिन बंद करून काटा वेगाने खाली येत असेल तर गळती शोधायची.

सुटे भाग आणि बिल

एकाच अ‍ॅक्सलवरच्या (डाव्या-उजव्या) दोन्ही चाकांचे लायनर किंवा पॅड एकाच वेळी बदला. एकीकडे नवे, दुसरीकडे जुने असले की गाडी एका बाजूला ओढते. माल घेताना पाकिटावर आयएसआय खूण किंवा कंपनीचा भाग क्रमांक बघा. ब्रेकची नळी, तेल, लायनर हे सुरक्षेचे भाग आहेत. मानकात न बसणारे सुरक्षेचे भाग विकणाऱ्याला कलम १८२अ खाली प्रत्येक भागामागे एक लाखापर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दुकानदाराशी भांडू नका, पक्के बिल मागा. नकली माल विकणारा बिल द्यायला टाळाटाळ करतो.

बिलाचा उपयोग पुढे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये मिनू मेहता खटल्यात हे स्पष्ट केले आहे की यंत्राच्या बिघाडाचा बचाव घेणाऱ्या मालकाने तो बिघाड लपलेला होता आणि वाजवी काळजी घेऊनही दिसला नसता हे दाखवायला हवे. म्हणजे ओझे मालकावर. ते कशाने दाखवाल? तारखेसह बिले, मिस्तरीची सही असलेली चिठ्ठी, बदललेल्या भागाचा फोटो, किलोमीटरचा आकडा. एक शंभर पानी वही गाडीत ठेवा किंवा फोनमध्ये फोल्डर करा. विमा कंपनीच्या पॉलिसीतही वाहन चांगल्या स्थितीत ठेवण्याची अट असते, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा करताना ती वही कामी येते.

पासिंग

प्रवासी किंवा मालवाहू गाडी असेल तर फिटनेस प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म ३८, लागतेच. नवीन गाडीला दोन वर्षे, मग गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दर वर्षी. मुदत संपलेली गाडी कायद्याने नोंदणी नसलेलीच मानली जाते, आणि कलम १९२ खाली पहिल्याच वेळी किमान दोन हजार, जास्तीत जास्त पाच हजार रुपये दंड. खासगी गाडीची पंधरा वर्षे संपत आली की फॉर्म २५ भरून नूतनीकरण करायचे, मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो. अर्ज परिवहन पोर्टलवर होतो, त्यामुळे एजंटाशिवायही जमते.

ब्रेकची चाचणी कुठे होईल ते विचारून घ्या. ब्रेक चाचणीसाठी २५० मीटरचा ट्रॅक असावा असा मुंबई उच्च न्यायालयाचा आग्रह राहिला आहे, त्यामुळे जवळच्या तालुक्यात होईल असे धरून चालू नका, जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागू शकते. स्वयंचलित केंद्रात गाडी रोलरवर उभी करून प्रत्येक चाकाची ब्रेकची ताकद मशीन मोजते. तिथे दोन्ही चाकांची ताकद सारखी नसेल तर गाडी नापास होते, आणि मशीनला ओळख सांगता येत नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी नव्हे, आठ-दहा दिवस आधी लायनर बदला. नवे लायनर ड्रमवर घासून नीट बसायला काही दिवस लागतात. हँडब्रेक, स्टॉप लाइट आणि मागचे रिफ्लेक्टर रात्रीच बघून ठेवा.

अपघात झालाच तर

आधी जखमीला उपचार. कलम १३४ चालकावर ही जबाबदारी टाकते, सोबत जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, आणि उशिरात उशिरा चोवीस तासांत, माहिती देण्याची आणि विमा कंपनीला कळवण्याची. जमाव चवताळला असेल तर आधी जीव वाचवून थेट ठाण्यात जा, पण पळून जाऊन गप्प बसू नका.

कलम १३६ प्रमाणे अधिकृत अधिकारी गाडीची तपासणी करू शकतो. मोटार वाहन निरीक्षक ब्रेकच्या पेडलची चाल, नळ्या, तेलाची पातळी, लायनरची जाडी, सांध्यांची झीज बघतो. नळी ताजी तुटली की आधीच कुजलेली होती, हे धारेवरून बऱ्याचदा कळते. म्हणून तपासणीआधी गाडीला हात लावू नका : तेल भरू नका, नट आवळू नका, लायनर बदलू नका. गावातला मिस्तरी सहानुभूतीने ‘नीट करून ठेवतो’ म्हणाला तरी नाही म्हणा, कारण बिघाड अपघातानंतरचा की आधीचा हेच मग ठरवता येत नाही आणि संशय तुमच्यावरच येतो. रस्ता अडवून असेल तर पोलिसांच्या सांगण्यावरून बाजूला घेणे वेगळे. तपासणीसाठी गाडी दुसरीकडे नेली तर कुठे नेली हे मालकाला कळवणे बंधनकारक आहे, आणि काम संपल्यावर चोवीस तासांत परत द्यायची असते.

निरीक्षकाच्या अहवालाची प्रत मागून घ्या. त्यात ब्रेकच्या ओळी शब्दशः वाचा. ट्रॅक्टरचा अपघात असेल तर ट्रॉलीचा नोंदणी क्रमांक आणि तिचा ब्रेक स्वतंत्र नोंदवला आहे का, पेडलची खिट्टी लावलेली होती की नाही हे लिहिले आहे का, तेही बघा. तुमच्या वहीतली शेवटची ब्रेक दुरुस्ती कोणत्या तारखेची आहे ते त्याच दिवशी वकिलाला सांगा, मूळ बिले स्वतःकडे ठेवा आणि फक्त झेरॉक्स द्या.